डोळ्यांच्या उंचीवर

कडूबांनी पातळी बघायची स्पिरिट लेव्हल स्टँडच्या फळीवर ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला.

“स्टँड सरळ आहे. तुझी जमीनच तिरकी आहे,” ते म्हणाले.

“शंभर वर्षांचं घर आहे, बाबा,” कल्याणी सोफ्यावरून म्हणाली. “कॉव्हेंट्रीत काय सरळ आहे?”

इंग्लंडात येऊन कडूबांनी चाळीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढली होती. केसभर फरक राहिला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. आणि हे काम तर जावयासाठी होतं.

आठ दिवसांपूर्वी लेकीचा फोन आला होता. हॉस्पिटलचा बेड घरी येणार आहे, बुधवारी, फ्रंट रूममध्ये. जिना आता जमणार नाही. वरची माशांची टाकी खाली आणायची, तर तिला स्टँड करून द्याल? “आणि बाबा, झोपल्या झोपल्या मासे दिसले पाहिजेत.”

कडूबा ‘हो’ म्हणाले.

प्रमोदचं काहीतरी बिनसलंय, हे त्यांना दिसत होतं. गेल्या वर्षी त्याला स्टेंट बसवला होता. उन्हाळ्यापासून नवरा-बायको दर गुरुवारी हॉस्पिटलला जात. माणूस अर्धा झाला होता. ताटातला भात चिवडत बसायचा, कुणी प्रेमानं बोललं की डोळे भरायचे. पण जावयाला तोंडावर आजार विचारायचा, ही कडूबांच्या पिढीची रीत नव्हती. लेकीला विचारावं तर ती रडेल. म्हणून त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. करवत काढली आणि लाकूड आणायला गेले.

टाकी तीन फुटी. पाणी, वाळू, दगड धरून दोनशे किलोंच्या वर. “वजन स्क्रूवर टाकायचं नाही. लाकडावर लाकूड बसलं पाहिजे,” ते आडवी पट्टी पायांवर टेकवत म्हणाले. कल्याणी स्क्रू हातात देत होती. दोन दिले की बसायची. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. काळजीनं पोर वाळली, कडूबांच्या मनात आलं आणि त्यांना प्रमोदचा उगाच राग आला. मग रागाचीच लाज वाटली.

त्यांची बायको विमलाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. एका माणसाचा स्वयंपाक करताना घर कसं खायला उठतं, हे त्यांना पाठ झालं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी लेकीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नव्हतं. आपला फ्लॅट विकायचा आणि तिच्या छोट्या खोलीत येऊन राहायचं, हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

“प्रमोदला हाक मार. आडवा होऊ दे, डोळ्यांची उंची घेतो.”

“तो फार्मसीत गेलाय.” कल्याणीनं उशी जवळ ओढली. “मी होते ना आडवी.”

“तो तुझ्याहून वीतभर उंच आहे.”

“झोपल्यावर सगळे सेम, बाबा.”

बेडची उंची तिला तोंडपाठ होती. सोफ्यावर तेवढ्या उशा रचून ती डाव्या कुशीवर झाली. कडूबांनी तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. टाकीचा मध्य इथे यायला हवा.

“झालं. ऊठ.”

“फाइव्ह मिनिट्स.”

तिला तशीच झोप लागली. कडूबांनी तिच्या अंगावर शाल घातली आणि करवतीचा आवाज नको म्हणून बाहेर गार्डनमध्ये जाऊन स्टँडचे पाय कापले.

संध्याकाळी प्रमोद आला. “जय भीम, बाबा.” स्टँडवरून त्यानं हात फिरवला, काहीतरी बोलायला गेला आणि किचनमध्ये निघून गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. कडूबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. स्वतःच्या आजारपणाची तयारी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, तर नळ सोडण्यावाचून माणूस करणार तरी काय?

स्टँडच्या उजव्या पायांखाली त्यांनी ओकच्या दोन पातळ पाचरी ठोकल्या. बुडबुडा मधोमध आला आणि तिथेच राहिला.

मंगळवारी टाकी भरली. पाण्याची कड चारही बाजूंना काचेच्या काठाशी समांतर. कडूबांनी गुडघ्यांवर बसून ती तीनदा पाहिली. नारिंगी मासे इकडून तिकडे फिरू लागले.

बुधवारी सकाळी दोघं जण बेड घेऊन आले. टाकीसमोर त्यांनी तो उभा केला, गादी घातली, बटणं दाबून वर-खाली करून दाखवला. एकानं फॉर्म काढला आणि विचारलं, “पेशंट कोण?”

प्रमोद भिंतीला टेकून उभा होता. कडूबा त्याच्याजवळ गेले आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

“भिऊ नकोस,” ते हळूच म्हणाले. “कल्याणीला मी एकटं पडू देणार नाही.”

प्रमोदनं तोंडावर हात दाबून धरला.

कल्याणीनं चपला काढून बेडखाली नीट जोडून ठेवल्या, डाव्या कुशीवर आडवी झाली आणि डोळ्यांसमोरून जाणाऱ्या माशाकडे बघत म्हणाली, “बाबा, माप बरोबर आलं.”