तिसरा फासा

दादाने स्वतः रचलेल्या खेळात एक राक्षस होता आणि त्या राक्षसाला त्याने ‘झडप’ नावाची शक्ती दिली होती: एकाच डावात दोन वार. धाकट्या बहिणीची तलवारवाली सोंगटी त्या झडपेपुढे दर खेपेला गारद व्हायची.

“हा खेळ आहे की सूड?” भर दुपारी जेवणाच्या टेबलावर ती कडाडली. “कमी कर ती शक्ती.”

“हरलीस की रडतेस,” तो खेकसला. पण रविवारी मित्र खेळायला येणार होते आणि त्यांच्यासमोर हसं नको, म्हणून त्याने दुसरा वार निम्म्या ताकदीचा केला आणि पुन्हा फासा टाकला.

फासा थांबला. मग आतल्या खोलीत आणखी एक फासा फरशीवर घरंगळला.

घरात दोघंच होती. दादा तरातरा जाऊन पाहून आला. खोली रिकामी होती.

“मला घाबरवून जिंकणार होय?” बहीण म्हणाली. “आता दुसरा वार काढूनच टाक.”

“काढला! झालं समाधान?” त्याने रागाने फासा आपटला.

या वेळी आवाज टेबलाखालून आला. काहीतरी बराच वेळ घरंगळत राहिलं आणि दादाच्या टाचेला लागून थांबलं.

खाली वाकायचं धाडस कोणालाच झालं नाही. बहिणीचा राग कुठल्या कुठे पळाला. तिने हळूच दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

“दादा,” ती पुटपुटली, “पाय वर घे.”

“मघापासून तोच प्रयत्न करतोय,” तो म्हणाला.