तेजरामची बंद लाईन

आनंदने मिक्सरवरची गिटारची लाईन उघडली आणि आवाज वर सरकवला. समोर खुर्चीवर बसलेल्या तेजरामचा हात तारांवरून फिरत होता. पण हुडको वसाहतीतल्या सरावाच्या हॉलच्या दोन्ही स्पीकरांतून काहीच आलं नाही.

"वाजवून राहिला न?" आनंदने विचारलं.

तेजरामने हेडफोन एका कानावरून सरकवला. "वाजवून तं राहिलो."

आजवर ही लाईन आनंदनेच बंद ठेवली होती. तेजराम नंदिनी नगरच्या खाणीत डंपर चालवायचा आणि आनंदच्या ऑर्केस्ट्रात कित्येक वर्षांपासून गिटार वाजवायचा. काही महिन्यांपूर्वी त्याची बायको नलू गेली आणि त्याची बोटं भलत्याच सुरात पडायला लागली. दोन कार्यक्रम पार बिघडले. तो मात्र रडला नाही, काही बोललाही नाही. यायचा, वाजवायचा, जायचा. अशा माणसाला नको येऊस म्हणायचं तर छाती लागते, आणि आनंदची सगळी हयात ऑफिसात फायली पुढे सरकवण्यात गेलेली.

मग त्याने साप मरेल आणि काठीही मोडणार नाही असा उपाय काढला. तेजरामजवळ मोठा अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. पायाशी ठेवायची एक डिजिटल पेटी होती. ती अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज स्वतःच तयार करायची आणि थेट मिक्सरला पाठवायची. तेजराम स्वतःचं वाजवणं त्या पेटीला लावलेल्या हेडफोनवर ऐकायचा. मिक्सरवरची लाईन बंद केली की लोकांपर्यंत काही पोचायचं नाही, आणि तेजरामला त्याचा पत्ताही लागायचा नाही. गिटारचे तुकडे आनंद की-बोर्डवर भरून काढायचा.

गायिका मोनाला मात्र हे कळलं होतं. आज तेजराम यायच्या आधीच तिने विषय काढला. "काका, ऐसे कब तक चलेगा? हथखोजचा पीयूष गिटार वाजवायला तयार आहे. आज तेजरामकाकांना सांगून टाका."

"एक डाव मले त्याचं वाजवणं ऐकू दे," आनंद म्हणाला होता. "जमलं तं राहील. नाही जमलं तं आजच सांगतो."

आणि आता आवाजच नव्हता. आनंदला मनातून हायसं वाटलं. माणसाला जा म्हणण्यापेक्षा वायरी तपासणं केव्हाही सोपं. तो गुडघ्यावर बसून कामाला लागला.

आधी त्याने पेटीतून मिक्सरला जाणारी वायर बदलली. काही नाही. बारीक खरखर गिळून टाकणारा नॉइज गेट बंद केला. काही नाही. मग पेटीतला सरावाचा ड्रमचा ठेका लावून पाहिला, तर तो हॉलभर असा दणाणला की मोनाने कानांवर हात ठेवले. म्हणजे पेटी ठीक होती, स्पीकरही ठीक होते. बिघाड पेटीच्या अलीकडे होता.

त्याने सूर जुळवायचा ट्यूनर चालू केला. "वरची जाड तार वाजव."

तेजरामने तार छेडली. इतक्या जवळून ती कोरडी, बारीक ऐकू आली. ट्यूनरच्या पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. पेटीपर्यंत गिटार पोचतच नव्हती.

"काय बिगडलं काका?" मोना जवळ येऊन उभी राहिली. तिच्या हातात मोबाईल होता. पीयूषला हो की नाही, ते कळवायचं होतं.

आनंदने गिटारची वायर बदलली. तरी काही नाही. मग त्याची नजर गिटारवरच्या आवाजाच्या बटणाकडे गेली. ते शून्यावर होतं. बटणाच्या खाचेत धूळ बसली होती.

"अरे, हे तं बंदच हाय!" आनंद हसला. "चुकून फिरलं असन."

"चुकून नाही."

"मंग?"

"मीच बंद केलं," तेजराम म्हणाला. त्याच्या आवाजात ना राग होता ना लाज. "नलू गेल्यावर दोन कार्यक्रम नासवले मी. तवापासून बंदच ठेवतो. नुसता हात फिरवतो."

आनंदने हातातली वायर खाली ठेवली. म्हणजे त्या हेडफोनमध्येही काहीच नव्हतं. इतके महिने हा माणूस लोकांसमोर मुकी गिटार वाजवत बसला होता, आणि आपण त्याच मुक्या गिटारचा आवाज लपवत होतो. मोनाने मोबाईल खाली घेतला.

"वाजवाचंच नव्हतं तं येत कावून होता?" आनंदने विचारलं. "तेही नंदिनीहून, ड्यूटी करून?"

तेजरामने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"आनंदभाऊ, कार्यक्रम झाला का तुमी मले दर खेपी म्हनत होते, तेजराम, आज मस्त वाजवली."

आनंदला त्याच्याकडे पाहवेना. "मंग तुले माहीत होतं, मी खोटं बोलून राहिलो?"

"बटन बंद असल्यावर मस्त कुठून वाजन?" तेजराम म्हणाला. "पन घरी आता खोटं बोलाले बी कोनी नाही राहिलं."