समुद्रातून आलेला मासा

कोरिननं सिंकमधला मासा उलटा केला आणि तिचा हात तिथंच थांबला.

"बघत काय बसलीस? काढ की खवले," हार्मन दारातूनच म्हणाले. तिच्या या सासऱ्यांच्या अंगठ्याला जाड पट्टी होती. सकाळी धक्क्यावर सुरी निसटली, म्हणून आज पट्टेरी बास जातीचा तो मासा अख्खाच घरी आला होता. एरवी ते हडसन नदीच्या काठावरच मासा साफ करत आणि पिशवीतून नुसत्या पांढऱ्या तुकड्या आणत.

"पॉप, हा समुद्रातून आलेलाच आहे ना?"

"मग? एप्रिल आहे. अंडी घालायला आलेत सगळे. पन्नास वर्षं ओळखतोय मी त्यांना, पोरी."

कोरिनला सातवा महिना होता. दवाखान्यातल्या नर्सनं पहिल्याच भेटीत बजावलं होतं, नदीतला मासा तोंडात घालायचा नाही. वरच्या अंगाला कारखान्यांनी सोडलेलं विष अजून गाळात आहे. हार्मन त्यावर हसले होते. बारा महिने नदीत मुक्काम ठोकणाऱ्याला विष लागतं, चार दिवसांच्या पाहुण्याला काय लागणार? आणि पाहुणा कुठला, मुक्कामी कुठला, हे त्यांच्याइतकं काठावर कुणाला कळत नसे. कोरिनलाही त्यांनीच शिकवलं होतं.

तिनं ओट्यावरचा दिवा लावला. पाठ काळपट हिरवी, शेवाळलेल्या दगडासारखी. कुशीवर समुद्रातल्या पाहुण्याची रुपेरी चमक नाही, जांभळी झाक तर नाहीच. जुन्या पितळेचा मळका रंग. एवढ्यावरून तिनं काही ठरवलं नसतं. नदीत थोडे दिवस राहिला की पाहुणाही काळवंडतो. तिनं शेपटी पसरली. खालची कड नदीच्या तळाशी घासून घासून झिजली, बोथट झाली होती. पोटाखाली, मागच्या पराजवळ बोट फिरवलं. समुद्रातून अंगाला चिकटून येणाऱ्या उवा नव्हत्या. पण त्याही गोड्या पाण्यात गळून पडतात. एखादी खूण फसवू शकते. चारही?

तिनं मासा दिव्याखाली धरला.

"पॉप, याच्या अंगावर चमक दिसते तुम्हाला?"

"दिसते म्हणजे? डोळे दिपतात." ते माशावर वाकले. दिव्याच्या उजेडात त्यांच्या दोन्ही बाहुल्यांवर दुधासारखा पडदा होता. "यंदा तर सगळेच चकचकीत येतायत."

"सगळेच?"

"एक काळा लागला असेल तर शपथ. धक्क्यावरची पोरं म्हणतात, म्हातारा चेटूक करतो."

"मागचे पाच?"

"अगदी असेच. एका साच्यातले."

पाच. लोण्यात परतलेले, वर लिंबू पिळलेले. शेवटचे दोन तर तिनं मागून घेतले होते.

"हा काळा आहे, पॉप."

"काहीतरीच." पण त्यांचा आवाज बारीक झाला. "पाठ?"

"काळी."

"कूस?"

"पितळी."

"शेपटी कुणी चावली असेल."

"चावलेली नाही. झिजलीय."

त्यांनी माशावर हात ठेवला, पट्टी बांधलेला, आणि लगेच काढून घेतला.

कोरिननं फोन लावला. नर्सनं शांतपणे विचारलं, काय खाल्लं, किती, कधीपासून. कोरिन सांगत गेली. तीन आठवडे. पाच मासे. नाही, कालवण नाही, परतून. बोलताना दुसऱ्या हाताची बोटं पोटावर इतकी घट्ट रुतली होती की तिची तिलाच खुपली. हार्मन शेजारी उभे होते, नर्सचा शब्दन् शब्द ऐकू येईल इतके जवळ.

"मुक्कामी होते की समुद्रातून आलेले?" नर्सनं विचारलं. "खात्रीनं सांगता येईल का?"

कोरिननं हार्मनकडे पाहिलं.

हार्मननी तिच्या मनगटाला धरून फोन स्वतःकडे वळवला.

"मुक्कामी," ते म्हणाले. "मीच खाऊ घातले."