कोरी ओळ

मुंबईच्या हॉटेलांत चाळीस वर्षं जॅझ पियानो वाजवून, सोळा वादकांच्या बँडला प्रत्येकाच्या सुरांची ओळ कागदावर लिहून देऊन बाळारामकाका पोलादपुराजवळच्या वाडीत परतले. शिमग्याच्या पालखीला त्यांनी ढोल-सनईवाल्यांनाही कागद दिले. ढोलवाल्या आबाजीला आठ मात्रा थांबायचं होतं. तेव्हा काकांचा कीबोर्ड एकटा, कागदाशिवाय, मनाला येईल तसा खुलणार. पालखी नाचू लागली, ती जागा आली, आबाजी थांबेचना. "थांब रे!" काका ओरडले. "देवी खांद्यावर नि ढोल गप्प? जमायचं नाय!" म्हणत आबाजीने टिपरू आणखी जोरात हाणलं. काका चिडले, अडखळले, मग त्या ठोक्यांवरच त्यांची बोटं नाचायला लागली. खांदेकरी घामाघूम झाले, तरी पालखी खाली ठेवीनात. दुसऱ्या दिवशी आबाजीने नवा कागद पाहिला. "माझ्या ओळीत कायच नाय?" काका हसले. "चाळीस वर्षं अशी कोरी ओळ मी फक्त स्वतःला द्यायचो."