पानं वाळेपर्यंत

सबिनाने फाटकाला आतून दोरी बांधली आणि स्वतःही वाट अडवून उभी राहिली.

बाहेर सावडीच्या बायका. पाठीला वेताच्या टोपल्या, पायांत रबरी बूट, गवतातून येताना विजारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. काल सगळ्यांनी मिळून मनांग पुलिनचा घेवडा तोडून दिला, आज पाळी सबिनाची. मनांग म्हणजे ताई; पुलिन ही सबिनाची थोरली नणंद, आणि सावडीची पुढारीण. तिच्या वेलांवर तांबेरा रोग असा काही बसला होता की संध्याकाळी तोडणी संपली तेव्हा प्रत्येकीच्या बाह्यांवर विटकरी भुकटी होती. तेच कपडे आज अंगावर होते.

“उघड गं,” मनांग पुलिन म्हणाली. “दुपारी माल न्यायला ट्रक येतो.”

“पानं ओली आहेत, मनांग. ओल्या पानाला हात लागला की तांबेरा पसरतो. वाळू देत. आणि तोवर सगळ्यांनी घरी जाऊन अंघोळ करा, कपडे बदलून या. असं आत कोणी यायचं नाही.”

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. सावडीला आलेल्या माणसाच्या हातात आल्या आल्या गरम कॉफी द्यायची, ही या डोंगरातली रीत. आणि ही बया दोरी बांधून उभी! असला अपमान तुब्लाय गावात कोणी केला नव्हता.

“आमचा विटाळ होतो होय तुला?” मनांग पुलिनने विचारलं.

“तुमचा नाही. तांबेऱ्याचा.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मनांग पुलिनने वळून पाहिलं, तशी हसणारी गप्प झाली.

“वारा बरा थांबतो तुझ्या फाटकापाशी!”

“नाही थांबत. म्हणून तुम्हालाही सोडू? ऊन पडलं की मी एकेक पान उलटून बघते, डाग दिसला की खुडून चुलीत घालते. तुमच्याकडे फवारा तरी आहे, मनांग. मी फवारत नाही. मला हे फाटकच औषध.”

मनांग पुलिनची नजर फाटकावरून आत गेली. काठ्यांवर चढलेले वेल हिरवेगार होते, शेंगा लोंबत होत्या. तिचाही घेवडा परवापरवापर्यंत असाच होता. तिने नजर काढून घेतली.

“मग तोड एकटीच. आणि उद्या बांध ढासळला, घरात कोणी मेलं, तर या फाटकालाच हाक मार.”

सावड तुटली तर या उतारावर एकट्या बाईने शेती करायची म्हणजे मरणच. हे सबिनाला कोणी सांगायला नको होतं. पण दोरीवरचा हात काही सुटला नाही.

“मारीन,” ती म्हणाली.

बायका गेल्या. धुक्यात खालच्या वाटेवरून त्यांचं बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं, आणि त्यातला चांगला शब्द एकही नव्हता. सबिना तिथेच खाली बसली, पोटभर रडली, बाहीने नाक पुसलं. ट्रकची वेळ जवळ येत होती. धुकं हलायचं नाव घेईना. शेत तिचंच होतं, पण तिनेही वेलांमध्ये पाऊल टाकलं नाही.

मग वाटेवर कोणीतरी धापा टाकत येताना ऐकू आलं. मनांग पुलिन होती. एकटी. केस धुतलेले, बूट नाहीत, पाय दगडाने घासून लाल केलेले. आणि नेसली होती लाल-काळ्या पट्ट्यांचं हातमागाचं वस्त्र. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

सबिना उठून बघतच राहिली. ते वस्त्र तिने एकदाच पाहिलं होतं, पेटीत ठेवलेलं. मला यातच पुरा, असं बजावून मनांगनेच ते दाखवलं होतं.

“अशी काय बघतेस?” मनांग पुलिन म्हणाली. “अंगावर घालायचं बाकी सगळं त्या वेलांमधून फिरून आलंय. तांबेऱ्याने न पाहिलेलं एवढंच राहिलं होतं. बाकीच्या पण येतायत मागून, एकेकीला अंघोळीला विहिरीवर उभं करून आलेय. उघड आता.”

सबिनाने दोरीला हात घातला. मग थांबली. वाकून तिने जवळचं एक पान दोन बोटांत धरलं.

“अजून ओलं आहे, मनांग.”

मनांग पुलिनने तिला एक सणसणीत शिवी हासडली. मग मरणाचं वस्त्र दोन्ही हातांनी नीट आवरून ती फाटकाबाहेरच्या दगडावर बसली.

“कॉफी तरी आण,” ती म्हणाली.