मेघमनोऱ्याची रंगीत तालीम

ढगांच्या वर गेलेला मेघमनोरा बघायचा, तर आधी घरातल्या यंत्राकडून रंगीत तालीम करून घ्यावी लागे. यंत्र तुमच्या प्रतिकृतींना हजार वेळा सहलीला पाठवून बघे आणि मगच तिकीट देई.

कुमुदताईंनी चार वर्षं या सहलीचा ध्यास घेतला होता. निकाल यायच्या आधीच त्यांनी दशम्यांचं पीठ मळायला घेतलं.

"नऊशे नव्याण्णव वेळा तुम्ही दोघं अर्ध्या वाटेवरून परतलात," यंत्र म्हणालं. "दर वेळी दिगंबररावांना वाटलं, दाराचं कुलूप ओढून बघायचं राहिलं."

"ओढून बघितलेलं बरं असतं," त्यांचे यजमान दिगंबरराव पुटपुटले.

"जन्मभर हेच!" कुमुदताई कडाडल्या. "आणि उरलेल्या एका खेपेला?"

"तुम्ही थेट वर पोचलात. एकट्याच."

कुमुदताईंनी पिठाच्या हातानेच एक तिकीट काढलं. दिगंबरराव चष्मा पुसत राहिले.

जरा वेळाने ताईंनी हळूच विचारलं, "वर जाऊन मी काय काय बघितलं रे?"

"काहीच नाही. घरी फोन करून विचारलंत, 'अहो, आतून कडी नीट लावलीत ना?' ते 'हो' म्हणाले. तुम्हाला पटलं नाही. पुढच्याच लिफ्टने खाली उतरलात."