किटलीतला बाळग्या

"यल्ला, चल ना मावशी, बाळग्याचं बोल ना!"

फ्रीडाने सोफ्यावरून हाक मारली आणि स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडणाऱ्या मंगलाने जुडी खाली ठेवली. आजच आठवायचं होतं कार्टीला! बाहेर फ्रीडाची आई बसली होती, कात्रिन मॅडम. आणि मॅडमची आईही, परवाच जर्मनीहून आलेली. तिला फ्रीडा ओमा म्हणे, म्हणजे आजी.

आखातातल्या सीफ भागातल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या घरात मंगला तीन वर्षं कामाला होती. या महिन्यात तिचा व्हिसा संपत होता. तो रिन्यू करायचा, की पोरीला सांभाळायला जर्मन बोलणारी बाई आणायची, हे ओमा आली की ठरणार होतं. मॅडमनी तसं सरळच सांगितलं होतं. पाच वर्षांची नात इंग्रजीत उत्तरं देते, जर्मनमध्ये तोंडच उघडत नाही, याची ओमाला फार रुखरुख. म्हणून तिने एक जुनी मालिका पाठवली होती, मॅडम लहान असताना तिकडे टीव्हीवर लागायची ती. त्यात एक मिशीवाला खराखुरा माणूस होता, आणि त्याच्या जोडीला चहाच्या किटलीत राहणारा एक हिरवा प्राणी. तो मात्र चित्रातला. दोघं मिळून कार्यक्रम चालवत. रोज जेवताना एक भाग दाखवायचा, असा मंगलाला हुकूम होता.

मंगलाने हुकूम पाळला. पण पोर घास तोंडात धरून बसायची, म्हणून एक दिवस तिने त्या हिरव्याच्या तोंडी आपले चार शब्द घातले. पोर हसली आणि घास खाली गेला. मग काय, ते रोजचंच झालं, आणि पोर मंगलाशी मराठीतच बोलू लागली. हिरव्याचं नाव बाळग्या पडलं आणि तो गुहागरच्या बोलीत मिशीवाल्याची हजेरी घेऊ लागला. जर्मनमधलं मंगलाला ओ की ठो कळत नव्हतं. बाळग्याला त्याची काही अडचण नव्हती.

"मावशी!"

ओढणीला हात पुसत मंगला दारात आली. टीव्हीवर मिशीवाला बोलत होता आणि फ्रीडा त्याची पाठ झालेली वाक्यं त्याच्याबरोबर घडाघडा म्हणत होती. ओमाचा चेहरा खुलला होता. मग किटलीचं झाकण उघडलं, हिरवा बाहेर आला आणि फ्रीडा गप्प झाली. तिने मंगलाकडे बोट दाखवून ओमाला काहीतरी सांगितलं. ओमाच्या कपाळाला आठी पडली.

"मंगला," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "ती म्हणते, हा टीव्हीतला आवाज खोटा आहे. याचा खरा आवाज तुझ्याकडे आहे. इज दॅट ट्रू?"

"सॉरी मॅडम. बेबी नो ईटिंग..." पुढचं इंग्रजी मंगलाला सुचेना. गेली नोकरी, ती मनात म्हणाली.

ओमाने रिमोट उचलला. आता टीव्हीच बंद होणार, असं मंगलाला वाटलं. पण ओमाने फक्त आवाज बंद केला, आणि मंगलाकडे बघून हनुवटी उडवली. बोल.

पडद्यावर मिशीवाला बॅग भरत होता. कुठेतरी निघाला होता. बाळग्या किटलीच्या काठावर त्याच्याकडे पाठ करून बसला होता. मंगला पुढे झाली.

"चाललास? जा, जा. मला कशाला विचारतोस?" बाळग्या फुरंगटून म्हणाला. "सदरे घेतलेस तीन आणि चड्डी एकपण नाय. तिकडं काय केळीची पानं गुंडाळून फिरणार हायस?"

फ्रीडा खिदळली आणि तिने ते ओमाला जर्मनमध्ये समजावलं. ओमा अशी हसली की तिला ठसका लागला. मंगलाला धीर आला.

"पोचलास की फोन कर. मिस्ड कॉल देऊ नको. आणि लवकर ये बाबा. तू नसलास की घर खायला उठतं."

 हे शेवटचं वाक्य गावाहून तिचा लेक ऋत्विक फोनवर म्हणायचा. फ्रीडा तेही सांगू लागली. शब्द अडला की हातवारे करत होती, पण थांबत नव्हती. मॅडम लेकीकडे बघतच राहिल्या. इतकं जर्मन ती एका दमात कधी बोलली नव्हती.

"खरं तर तिथे तो एवढंच म्हणतो," मॅडम हसू दाबत मंगलाला म्हणाल्या, "की येताना सॉसेज आण."

ओमाने फ्रीडाला काहीतरी विचारलं.

"ओमा विचारते, मग मिशीवाल्याचं कोण बोलतं?" फ्रीडा मंगलाला म्हणाली.

"त्याचं तोच बोलतो की गो," मंगला म्हणाली.

फ्रीडाने ते ओमाला सांगितलं आणि उत्तर घेऊन वळली. "ओमा म्हणते, आता मी बोलते."

ओमा सरसावून बसली. घसा खाकरून तिने पुरुषी, जाड आवाज काढला. पडद्यावरचा माणूस बॅग बंद करत होता, पण ओमा बघत होती मंगलाकडे. ती बराच वेळ बोलली. मॅडमनी चमकून आईकडे पाहिलं.

"काय म्हणाली गो?" मंगलाने विचारलं.

"मी आता थोड्या दिवसांनी जाणार," फ्रीडा आठवून आठवून सांगू लागली. "पण तू इथंच रव्हायचं. मी परत येईन तेव्हा मला तू इथंच पायजेस."

मॅडम घाईघाईने काहीतरी बोलल्या.

"मम्मा म्हणते, तो माणूस असं म्हणतच नाय."

ओमाने उत्तर दिलं, जाड आवाज न सोडता.

"ओमा म्हणते, आता म्हणतो."